घाटातच जोर सोडणारी टर्बो गाडी: जुनी हॉट हॅचबॅक घेताना कोकणात काय तपासायचं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्यांना हाच त्रास आहे त्यांना लगेच ओळख पटेल. गाडी हॉट हॅचबॅक, म्हणजे जोरदार इंजिनची लहान गाडी: टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), मॅन्युअल गिअरची. कुडाळ ते कणकवली हायवेला झकास पळते, ओव्हरटेक करताना कुठेच मागे पडत नाही. पण सावंतवाडीहून दाणोली सोडून आंबोली घाटाला लागलो, की पाच-सहा वळणं होतात न होतात तोच तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबलेला असताना एकदम जोर जातो. इंजिनचा पिवळा दिवा लागतो, आणि पुढचा घाट गाडी साध्या लहान इंजिनच्या गाडीसारखी कण्हत चढते. बाजूला घेऊन चावी बंद केली, दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू केली, की जोर परत येतो. पुन्हा चार वळणं, पुन्हा तेच. खाली उतरून घरी आलो की दिवा गेलेला, गाडी शहाण्यासारखी.

माझ्या गाडीला हे पाच महिन्यांत चार वेळा झालं. गाडी मी जुनी घेतली होती, मालवणजवळच्या एका गृहस्थांकडून. घेताना चालवून बघितली ती हायवेला, पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर. ते आले तेव्हा गाडी आधीच तापलेली होती, कारण ते ती चालवतच घेऊन आले होते. त्या दोन गोष्टींची किंमत मी पुढे मोजली.

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला, कोड आला पी ०२९९. म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतोय. त्यांनी कोड पुसला, स्पार्क प्लग बदलले. दुसऱ्यांदा इग्निशन कॉइल बदलल्या. तिसऱ्यांदा दाब मोजणारा सेन्सर नवा घातला. प्रत्येक वेळी गॅरेजपुढच्या रस्त्यावर चक्कर मारून "झालं" म्हणून गाडी हातात दिली. चौथ्या वेळी टर्बोच बदलावा लागेल असं सांगितलं, आणि आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. थंड असताना होतं की तापल्यावर? सपाटीला कधी झालंय का? पाऊस असतो तेव्हा जास्त होतं का? मी म्हटलं, काका, फक्त घाटात. ते म्हणाले, "घाटातच होता ना? मगे हयसर उभी करून काय गावतला तुका?"

त्यांनी गाडी खालच्या चढावर अर्धा तास पिदडून आणली आणि तापलेली असतानाच हवेच्या वाटेत धुराचं मशीन लावलं. यात एअर फिल्टरच्या बाजूने पाइप बंद करून आत हलक्या दाबाचा पांढरा धूर सोडतात. जिथे फट असेल तिथून धूर बाहेर येतो. मी बाजूला टॉर्च धरून उभा होतो. दोन मिनिटं काहीच नाही. मग बंपरच्या मागे, इंटरकूलरकडून (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या अंगाने उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक रेघ वर यायला लागली. वरून बघितलं तर पाइप धडधाकट. काकांनी हात खाली घालून पाइप पिळला आणि रेघेचा लोट झाला. क्लॅम्प गंजून त्याची पकड सुटली होती, आणि त्याच्याखाली रबर तेलाने फुगून मऊ पडलं होतं. त्यात बोटाच्या पेराएवढी चीर होती.

हा दोष घाटातच का दिसत होता, ते इथे समजून घ्यायला हवं. सपाटीला टर्बो पूर्ण दाबाने काम करतो ते काही सेकंद, ओव्हरटेकपुरतं. तेवढ्याने चीर उघडत नाही. घाटात तो दाब मिनिटभर सलग राहतो, त्यात पाइप तापून रबर आणखी मऊ होतं, चीर तोंड उघडते आणि दाबलेली हवा इंजिनला मिळण्याऐवजी बाहेर जाते. इंजिनचा कंप्युटर ठरलेला दाब आणि मोजलेला दाब जुळवून बघतो. फरक काही वेळ टिकला की इंजिन वाचवण्यासाठी टर्बोचा जोर काढून घेतो. चावी बंद करून चालू केली की तो पुन्हा नव्याने सुरुवात करतो, म्हणून जोर परत येतो. प्लग, कॉइल, सेन्सर यांपैकी कशाचाच दोष नव्हता. पाइप आणि दोन क्लॅम्प मिळून तीन हजारांच्या आत काम झालं. त्याआधी माझे एकोणीस हजार गेले होते.

त्यानंतर गेल्या तीन-चार वर्षांत मित्रांसाठी, भावकीतल्या पोरांसाठी अशा पुष्कळ गाड्या बघायला गेलो. प्रत्येक वेळी तेच पटत गेलं: या गाड्यांचे दोष लपवलेले असतातच असं नाही, ते गाडीच्या अवस्थेत दडलेले असतात. काही फक्त थंड गाडीत दिसतात, काही फक्त तापलेल्या गाडीत, आणि काही तापून निवताना. एकाच अवस्थेत गाडी बघून पैसे मोजू नका.

थंड गाडी

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही सकाळी येतो, गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर आणि सायलेन्सरच्या तोंडावर हात ठेवणं. कोमट लागलं तर "दूध आणायला गेलो होतो" हे उत्तर खरंही असेल, पण मग तुम्ही दुसऱ्या दिवशी परत या. थंड असल्याशिवाय पुढच्या गोष्टी कळत नाहीत.

चालू करायच्या आधी कूलंटची टाकी बघा. थंड गाडीत पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेच्या खाली असेल तर कुठेतरी गळती आहे, किंवा इंजिन ते आत जाळतंय. रंग स्वच्छ हवा. गढूळ तपकिरी, चहासारखा असेल तर कोणीतरी नुसतं पाणी भरत आलंय आणि आतून गंज धरलाय. आपल्याकडे विहिरीचं पाणी सर्रास ओततात. त्यात क्षार असले की रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि वॉटर पंप दोन्हींची वाट लागते. अलीकडच्या बऱ्याच लहान टर्बो इंजिनांत थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंटचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपेचं, घर प्लास्टिकचं असतं. तिथल्या सांध्याखाली पांढरट किंवा गुलाबी वाळलेला ओघळ दिसतो का, ते टॉर्चने बघा. हा ओघळ म्हणजे थंड असताना झिरपून तापल्यावर उडून गेलेलं कूलंट. जमिनीवर थेंब पडत नाही म्हणून मालकालाही त्याचा पत्ता नसतो.

ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. पिवळसर लोण्यासारखा थर असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं सील) गेलं असं लगेच धरू नका. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत, रोज दोन किलोमीटर बाजारापुरती फिरणाऱ्या गाडीतही असा थर थोडा जमतो. पण डिपस्टिकवरही तोच दुधी रंग असेल आणि कूलंटही कमी असेल, तर तिथूनच घरी या.

आता चालू करा, आणि रेडिओ-एसी बंद ठेवून ऐका. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात पहिल्या दोन-तीन सेकंदांत पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला, तर चेन ताणून सैल झालेली आहे किंवा तिचा ताण धरणारा टेन्शनर ढिला आहे. तापल्यावर हा आवाज येत नाही, म्हणून तर थंड गाडी हवी. बेल्ट असलेल्या इंजिनात असा इशारा मिळत नाही. तिथे बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागायची. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंडीत आणि पावसात साहजिक असते, पण इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल आणि तिला गोडसर वास येत असेल तर ते कूलंट आहे.

स्कॅनर

हजार-दीड हजारात ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले कोड वाचणारं, डोंगल मिळतं, फोनला जोडता येतं. पण स्कॅनरवर "कोड नाही" दिसलं की सगळं ठीक, असं समजू नका. कोड पुसायला दहा सेकंद लागतात. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्यासुद्धा शून्यावर येतात, आणि त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस वेगवेगळ्या परिस्थितीत चालावी लागते. ॲपमध्ये "रेडिनेस" म्हणून पान असतं. तिथे बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी नुकताच कोड पुसलाय किंवा बॅटरी काढली होती. मालकाला सरळ विचारा. माझी गाडी घेताना मी हे पान उघडलं असतं तर तेव्हाच शंका आली असती.

तापलेली गाडी, आणि घाट

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हॉट हॅचबॅकची खरी परीक्षा इथे आहे आणि इथेच लोक सर्वांत कमी वेळ देतात. सिंधुदुर्गात असाल तर आंबोली, फोंडा किंवा करूळ. रत्नागिरीत आंबा घाट, चिपळूणच्या बाजूला कुंभार्ली. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे, म्हणजे दाणोलीपासूनच्या चढात टर्बो, क्लच आणि कूलिंग यांना एकदम काम लागतं. पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या. मालक घाटात न्यायला तयार नसेल तर मी ती गाडी घेत नाही, मग ती कितीही चकचकीत असो.

क्लच असा बघायचा: चढावर चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे आरपीएम वर धावले आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. सपाटीला दुसऱ्या गिअरमध्ये हे कळतच नाही. चढताना दुसरा गिअर जोरात टाकून कुरकुर येते का, तेही ऐका. जोरात चालवलेल्या गाड्यांत सिंक्रोची (गिअर अलगद बसवणाऱ्या कड्याची) झीज बहुतेक वेळा तिथेच आधी जाणवते.

टर्बोची हलकी शिट्टी ठीक. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी चढत जाणारी कर्कश शीळ म्हणजे आतल्या बेअरिंगची झीज. पाय सोडल्यावर खालून पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला तर वेस्टगेटच्या, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या, जोडणीकडे बघायचं. ती गरम भागात असते, वरून खारा दमट वारा, त्यामुळे समुद्रालगतच्या गाड्यांत तिथली पिन गंजून अडकते. त्यानेही घाटात तोच पिवळा दिवा आणि तोच गेलेला जोर मिळतो. म्हणून टर्बो बदलायला सांगितलं तर आधी ही पिन मोकळी हलते का, ते स्वतः बघायला मागा.

वर पोचल्यावर चहा घ्या, पण गाडी लगेच बंद करू नका. दोन मिनिटं नुसती चालू ठेवा, म्हणजे टर्बोतलं ऑइल निवतं. चांगला मालक हे न सांगता करतो. मला मालकाची पारख करायला याचा फार उपयोग झालाय. मग बंद करून वीस मिनिटं थांबा. बॉनेटजवळ गोडसर वास येतोय का? पुढच्या चाकांच्या मध्ये काही ओघळलंय का? पुन्हा चालू करताना निळा धुराचा लोट आला, तर टर्बोच्या सीलमधून ऑइल झिरपत असण्याची शक्यता धरा. हा लोट बऱ्याचदा याच वेळी दिसतो.

उतरताना ब्रेक. दोन-तीन वळणांनंतर पेडल मऊ पडत गेलं तर ब्रेक ऑइल जुनं आहे. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. आपल्या हवेत दोन वर्षांत ते बदलायलाच हवं. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असेल तर

२०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटर टर्बो इंजिन, १०५ पीएस आणि सात गिअरचा ड्युअल क्लच होता. २०२१ च्या आय२० एन लाईनमध्येही सात गिअरच्या ड्युअल क्लचचा पर्याय आहे. दोन्हींतले क्लच कोरडे आहेत, म्हणजे ते तेलात बुडालेले नसतात आणि त्यांना थंड करायला फक्त हवा असते. म्हणून अशी गाडी घाटात धावताना नव्हे, तर घाटात रखडताना तपासायची. गणपतीच्या आधी हायवेला लागणारी रांग, सावंतवाडीचा बाजार, चढावरचा टोल नाका, अशी दहा मिनिटं सरपटत चालवा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना अंग झटकल्यासारखा धक्का बसतो का? चढावर रिव्हर्स घेताना गाडी थरथरते का? यात एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम गिअर आणि रिव्हर्स. त्यामुळे दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स एकदम रुसले आणि बाकीचे चालू राहिले, तर दोष नेमका कुठल्या बाजूला आहे ते कळतं. गिअरचा आकडा लुकलुकायला लागला तर सौदा तिथेच थांबवा. क्लचची जोडी आणि आतलं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कंप्युटर आणि झडपांचा संच) हे दोन्ही खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठे आहेत.

२०२० पासूनच्या एक लिटर टीएसआय पोलोत साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आला, तिथे ही काळजी नाही. त्या गाडीचं भारतातलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बलेनो आरएस (२०१७, १.० बूस्टरजेट, १०२ पीएस) फार विकली गेली नाही, पण साध्या बलेनोचे बरेच सुटे भाग तिला चालतात, हा मोठा दिलासा. पुंटो अबार्थ (२०१५, १.४ टी-जेट, १४५ बीएचपी) चालवायला माझी सर्वांत आवडती. पण फियाटच्या गाड्या आता इथे विकल्याच जात नाहीत, त्यामुळे पार्ट शोधायची तयारी आणि तसा जाणकार मिस्त्री असेल तरच घ्या. टियागो जेटीपी (२०१८, ११४ पीएस) साध्या टियागोपेक्षा जमिनीला जवळ आहे, तेव्हा तिची खालची बाजू आधी बघा. टीएसआय, बूस्टरजेट आणि आय२० चं टर्बो इंजिन यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचते. थंड असताना इंजिन अडखळत असेल आणि प्लग-कॉइल चांगले असतील, तर ही काजळी साफ करून घेण्याचा खर्च धरूनच भाव बोला.

खार आणि पाणी

हे इंजिनपेक्षा महत्त्वाचं आहे. इंजिनचा भाग बदलता येतो, गंजलेली बॉडी परत मिळत नाही. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले, देवगड इथे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभी राहणारी गाडी वरून नवी दिसते, कारण रंग टिकतो. गंज लागतो तो खाली आणि आत. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. मागच्या ॲक्सलची वेल्डिंग, स्प्रिंग बसते ती वाटी, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, पुढच्या सबफ्रेमचे बोल्ट. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, टणक आवाज यायला हवा, भदाभदा नको. सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर मला गंजापेक्षा त्या रंगाची जास्त धास्ती वाटते. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, लाल मातीने ती बुजतात आणि पाणी आतच राहतं.

बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड वायर बघायला विसरू नका. एका गाडीत रोज वेगळा दिवा लागायचा, कधी एबीएसचा, कधी स्टिअरिंगचा, कधी एअरबॅगचा. त्या वायरच्या टोकाचं रबर मागे सारलं तर आत तांब्यावर हिरवा कळंक चढला होता, न घासलेल्या देवाच्या तांब्यावर चढतो तसा. वायर बदलल्यावर सगळे दिवे गेले.

पुरातल्या गाड्यांचं काय? २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, महाडलाही त्याच दिवसांत पूर आला. खारेपाटण, बांदा, कुडाळ इथे दर पावसाळ्यात नदी रस्त्यावर येण्याची धास्ती असतेच. तेव्हा गाडी त्या काळात कुठे होती ते विचारा आणि सर्व्हिसच्या नोंदींशी जुळवा. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहिलेली असते, कारण तो भाग कोणी धूत नाही. सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा. तिथली बारीक, रेशमासारखी माती ही रस्त्यावरची धूळ नसते. हेडलाइटच्या आत खालच्या कडेला गाळ बसलेला असेल तर आणखी काही बघायची गरज नाही.

सस्पेन्शनचं फार सांगत नाही. या गाड्यांचे स्प्रिंग कडक असतात आणि आपल्या गावातले गतिरोधक उंच, म्हणून शॉकॲब्झॉर्बरवर ओघळ, सम्पच्या (इंजिन ऑइलच्या टाकीच्या) तळाला ओरखडे आणि रिमच्या आतल्या कडेला पोचे बघायचे. टायरवर चार आकडे असतात: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर मालकाने आणखी कुठे कुठे हात आखडता घेतला असेल, याचा विचार करा.

बदल केलेली गाडी

पुष्कळ हॉट हॅचबॅकना पोरं रीमॅप करतात, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधला प्रोग्रॅम बदलून टर्बोचा दाब वाढवतात. मी याच्या विरोधात नाही, पण ते सांगून झालेलं असावं. काही गाड्यांत अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला प्रोग्रॅम किती वेळा बदलला ते दिसतं. फिल्टरचा डबा बाहेरचा, सायलेन्सर बदललेला, पाइपांवर नवे-जुने क्लॅम्प मिसळलेले, अशा खुणा दिसल्या तर मूळ भाग मालकाकडे आहेत का ते विचारा. ते असतील तर माणूस नेटका आहे. माझ्या गाडीचा तो पाइपही आधीच्या मालकाने एकदा काढून परत बसवलेला होता, आणि क्लॅम्प जुनाच वापरला होता. बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर क्लेमच्या वेळी त्याचा त्रास तुम्हाला होतो, आधीच्या मालकाला नाही.

कागद

एमएच ०७ किंवा ०८ ची गाडी जिल्ह्यातच घेतली तर फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गोव्याची गाडी स्वस्त दिसते म्हणून बरेच जण बांद्यापलीकडे जातात. पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं जोडून मग किंमत ताडून बघा. ई-चलन थकलेलं आहे का तेही परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून तपासता येतं.

गेल्या मे महिन्यात मावसभावासाठी वेंगुर्ल्याला एक गाडी बघायला गेलो होतो. लाल रंग, डाग नाही, चालवायला सुरेख. तो तिथेच टोकन द्यायला निघाला होता. सकाळी सात वाजता थंड गाडीत कूलंट खालच्या खुणेच्या बोटभर खाली निघालं. मालक भला माणूस, तो म्हणाला, उन्हाळ्यात थोडं उडतं. आम्ही आंबोलीला गेलो, वर वीस मिनिटं थांबलो आणि बॉनेट उघडल्याबरोबर तो गोडसर वास आला. थर्मोस्टॅटच्या घराखाली गुलाबी ओघळ ओला होता. मालकाला तो दाखवला तेव्हा त्याचाच चेहरा उतरला, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने स्वतःच दुरुस्तीचा अंदाज काढून तेवढी किंमत कमी केली आणि भावाने गाडी घेतली. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात थर्मोस्टॅटचं घर, वॉटर पंप आणि कूलंट बदललं. टर्बोच्या पाइपांचे सगळे क्लॅम्प मी त्याच दिवशी स्टेनलेस स्टीलचे घालायला लावले. या पावसाळ्यात ती गाडी तीनदा घाट चढून आली, आणि कूलंट अजून त्याच खुणेवर आहे.